मेंदूचा अखेरचा पुरावा : ऱ्हासजन्य मेंदूविकारांचे मरणोत्तर निदान

वैद्यकशास्त्रातील बहुतेक रोगांचे निदान रुग्ण जिवंत असतानाच पक्के करता येते. क्षयाचा जंतू थुंकीत सापडतो, कर्करोगाच्या गाठीचा तुकडा काढून तपासता येतो, मूत्रपिंडे किती काम करत आहेत ते रक्ताच्या साध्या तपासणीतून कळते. मेंदूच्या बहुतेक ऱ्हासजन्य विकारांच्या बाबतीत ही सोय नाही, कारण ज्या अवयवात रोग वसलेला असतो त्याचा तुकडा जिवंत माणसाकडून, अगदी मोजके अपवाद सोडले तर, मागता येत नाही. आणि म्हणून अल्झायमर, कंपवात किंवा त्यांच्या जातकुळीतील बहुतेक रोगांविषयी डॉक्टर जे सांगतात ते लक्षणांवरून, स्मृतीच्या चाचण्यांवरून आणि एमआरआयच्या चित्रांवरून बांधलेले अनुमान असते. अनुभवी डॉक्टरांचे अनुमान बहुतेकदा बरोबर ठरते, परंतु ते बरोबर ठरले असे निर्विवादपणे सांगणारी जागा आजही एकच आहे, आणि ती म्हणजे मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला मेंदू.

ऱ्हासजन्य विकार असे त्या रोगांना म्हणतात ज्यांत मेंदूतील किंवा मज्जारज्जूतील चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होऊन मरत जातात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो आणि इजा काही मिनिटांत होते. येथे मात्र पेशींतील बिघाडाला सुरुवात होऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर पहिले लक्षण घरच्यांच्या ध्यानात येते, आणि तोपर्यंत त्या विसरभोळेपणाला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिलेले असते. अल्झायमर, कंपवात म्हणजे पार्किन्सन्स, लेवी बॉडी स्मृतिभ्रंश, कपाळामागच्या व कानशिलाच्या भागांना ग्रासणारा फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंश, हंटिंग्टन, मोटर न्यूरॉन रोग आणि तोल बिघडवणारे आनुवंशिक ॲटॅक्सिया ही या कुळातील प्रमुख नावे होत.

या व्याख्यानात मांडावयाचे प्रतिपादन असे की, या रोगांविषयी भारतात रोज वापरल्या जाणाऱ्या ज्ञानाचा मेंदूतील पुरावा बव्हंशी परदेशी माणसांच्या मेंदूंतून आलेला आहे; तो पुरावा येथल्या माणसांना कितपत लागू पडतो हे येथल्याच मेंदूंतून तपासले गेले पाहिजे; आणि नेत्रदान व देहदान ज्या समाजाने आपलेसे केले त्या महाराष्ट्राला, आणि त्यातही मराठवाड्याला, मेंदूदान अशक्य नाही.

निदानाची परंपरा

ज्या रोगाचे नाव आज घरोघरी माहीत आहे, त्याची ओळखच एका शवविच्छेदनातून पटली. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली, तेव्हा तिची स्मृती, भाषा आणि दिशांचे भान ढासळत चालले होते, तसेच तिच्या मनात संशय घर करून बसला होता. आलोइस अल्झायमर या डॉक्टरने तिच्याशी झालेले संभाषण बारकाईने टिपून ठेवले. एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला तोवर अल्झायमर म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत गेलेला होता, तरी तिचा मेंदू त्याने मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारांनी पेशींतील तंतू रंगवण्याची त्या काळी नवी असलेली पद्धत त्यावर वापरली. पेशींच्या बाहेर साचलेल्या चकत्या आणि पेशींच्या आत वळलेले तंतूंचे गुंते त्याला दिसले. नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील परिषदेत त्याने हे निष्कर्ष मांडले, १९०७ मध्ये ते छापून आले आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. पुढे १९९० च्या दशकात ऑगुस्टे डेटरची फाइल फ्रँकफर्टमध्ये आणि तिच्या मेंदूच्या काचपट्ट्या म्युनिकमध्ये पुन्हा सापडल्या, तेव्हा नव्वद वर्षांनंतरही त्या काचपट्ट्यांवर अल्झायमरने वर्णिलेले दोन्ही बदल स्पष्ट ओळखता आले. नीट जपलेला ऊतींचा नमुना अनेक पिढ्यांनंतरही साक्ष देऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

कंपवाताची कहाणी याहून बोलकी आहे. जेम्स पार्किन्सन याने १८१७ मध्ये लंडनमध्ये या रोगाचे वर्णन केले ते केवळ रुग्णांच्या निरीक्षणावरून; त्याच्यापाशी एकही मेंदू नव्हता, आणि शवविच्छेदन करणाऱ्यांनी या रोगाकडे लक्ष द्यावे अशी अपेक्षा त्याने स्वतःच व्यक्त केली होती. ती अपेक्षा पुरी व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी याला कंपवाताच्या मेंदूतील पेशींमध्ये गोलाकार पिंड दिसले, तर १९१९ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्स्तान्तिन त्रेत्याकॉफ याने रोगाचे मुख्य ठिकाण मध्यमेंदूतील कृष्णद्रव्यात, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात, आहे असे दाखवले. त्यानंतर १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन या रसायनाचे प्रमाण मोजले आणि ते फारच घटलेले आढळले. पुढच्याच वर्षी डोपामिनची ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णांना लेव्होडोपा हे औषध देऊन पाहण्यात आले. आज कंपवाताचा रुग्ण सकाळी जी गोळी घेतल्याशिवाय अंथरुणातून उठू शकत नाही, तिचे मूळ मृत रुग्णांच्या मेंदूंवर केलेल्या त्या मोजमापात आहे.

विच्छेदनकक्षातील काम

मेंदूचे मरणोत्तर निदान प्रत्यक्षात कसे होते, याची सामान्य माणसाला कल्पना नसते आणि ती नसल्यामुळेच भीती अधिक असते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर एका कानामागून डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या कानामागपर्यंत एक छेद घेतो, कवटीचा वरचा भाग करवतीने अलग करून मेंदू अलगद बाहेर काढतो आणि कवटी पूर्ववत बसवून त्वचा शिवून टाकतो. चेहऱ्याला हात लागत नाही आणि टाके केसांखाली किंवा डोक्यावरच्या वस्त्राखाली झाकले जातात. प्रौढ माणसाचा निरोगी मेंदू साधारणपणे १२०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. अल्झायमरच्या शेवटच्या अवस्थेत तो १००० ग्रॅमच्याही खाली आलेला असू शकतो.

ताजा मेंदू इतका मऊ असतो की तसाच कापला तर त्याचा आकार बिघडतो. म्हणून तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो दहा टक्के फॉर्मलिनच्या भांड्यात उलटा टांगतात, जेणेकरून तो भांड्याच्या बुडाशी टेकून चपटा होऊ नये, आणि दोन-तीन आठवडे तसाच ठेवतात. संशोधनासाठी मेंदू घेतला असेल तर त्याचा अर्धा भाग आधीच वेगळा करून उणे ८० अंश तापमानाला गोठवतात, कारण प्रथिने आणि जनुके यांचा अभ्यास गोठवलेल्या भागावर अधिक विश्वासाने करता येतो. घट्ट झालेला मेंदू मग कपाळाकडून मागे सुमारे एकेक सेंटिमीटर जाडीच्या कापांत कापला जातो.

अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, येथेच बरेच काही कळू लागते. स्मृती साठवण्याच्या कामात महत्त्वाचा असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असेल आणि मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या रुंदावलेल्या असतील, तर अल्झायमरची शंका बळावते. मध्यमेंदूच्या आडव्या कापात निरोगी माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना काजळाच्या रेघेसारखे दोन काळे पट्टे दिसतात. कंपवातात त्या पट्ट्यांचा रंग उडालेला असतो, कारण तो काळेपणा देणारे रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. छोटे-छोटे जुने पक्षाघात, म्हणजे रक्तपुरवठा तुटून झालेले खड्डे, याच वेळी नजरेस पडतात आणि त्यांची जागा व संख्या टिपून ठेवली जाते.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. ठरावीक भागांतून घेतलेले तुकडे मेणात बसवून त्यांचे एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात आणि विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी ते रंगवतात. चार प्रथिनांचा शोध प्रामुख्याने घेतला जातो. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ओळखलेले बीटा ॲमिलॉइड अल्झायमरच्या चकत्यांत असते. टाऊ हे प्रथिन निरोगी पेशीत लांब शेपटीतील वाहतुकीच्या नळ्या सांभाळते, परंतु बिघडल्यावर ते हिमरूच्या मागावरचे ताणे सुटून एकमेकांत अडकावेत तसे गुंतून बसते. हेच अल्झायमरने पाहिलेले गुंते. लेवीने पाहिलेल्या पिंडांत अल्फा सिन्युक्लिन असते, हे १९९७ मध्ये कळले. टीडीपी-४३ हे चौथे प्रथिन मोटर न्यूरॉन रोगात आणि फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाच्या एका मोठ्या गटात साचते, हे २००६ मध्ये उघड झाले. कोणते प्रथिन, कोणत्या भागात, किती प्रमाणात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून रोगाचे नाव ठरते. हाइको आणि एफा ब्राक या जर्मन दांपत्याने १९९१ मध्ये टाऊच्या गुंत्यांचा प्रवास सहा टप्प्यांत मांडला, तो आजही जगभर वापरला जातो : पहिले दोन टप्पे कानशिलाच्या आतल्या भागापुरते, मधले दोन हिप्पोकॅम्पस व त्याच्या शेजारापर्यंत आणि अखेरचे दोन मेंदूच्या संपूर्ण बाह्यपटलावर. अशा तपासणीचा संपूर्ण अहवाल तयार व्हायला कित्येकदा काही महिने लागतात.

अनुमान आणि पुरावा यांतील अंतर

डॉक्टरांचे जिवंतपणीचे निदान आणि मेंदूने दिलेले उत्तर यांत किती अंतर पडते, हा प्रश्न काही काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांनी तपासला आहे. लंडनमध्ये १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंपवात आहे असे तज्ज्ञांनी निदान केलेल्या १०० रुग्णांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा ७६ जणांनाच खरा कंपवात होता. उरलेल्यांत कंपवातासारखे दिसणारे, पण औषधाला फारसा प्रतिसाद न देणारे इतर रोग होते. अमेरिकेतील अल्झायमर केंद्रांच्या २००५ ते २०१० मधील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, अल्झायमर नाही असे ज्यांच्याविषयी सांगितले गेले होते त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांच्या मेंदूत अल्झायमरच्या निदानाला पुरेसे बदल आढळले. हे आकडे निवडक, साधनसंपन्न केंद्रांचे आहेत, हे ध्यानात घेतले तर जेथे न्यूरॉलॉजिस्टची भेटच महिनोन्महिने लांबते तेथे काय होत असेल याची कल्पना करता येते.

त्याहून महत्त्वाची शिकवण अशी की, वृद्धांच्या मेंदूत एकच रोग असतो ही समजूतच बहुधा चुकीची आहे. डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतील एका कॅथलिक संघातील ६७८ जोगिणींचा अभ्यास केला. या सर्व स्त्रियांनी दरवर्षी चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले होते. त्यांतील १०१ वर्षे जगलेल्या एका जोगिणीने अखेरपर्यंत चाचण्यांत चांगले गुण मिळवले होते, तरी तिच्या मेंदूत चकत्या आणि गुंते मुबलक होते. उलट १९९७ मध्ये याच अभ्यासातून असे दिसले की, अल्झायमरचे बदल असलेल्या मेंदूत मोक्याच्या ठिकाणी एक-दोन लहान पक्षाघात झालेले असतील, तर जिवंतपणी स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. रक्तदाब आणि मधुमेह यांचा भार ज्या देशात एवढा मोठा आहे, तेथे या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको : वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंशाचा काही भाग रक्तवाहिन्या जपून टाळता येण्याजोगा असू शकतो, आणि तो नेमका किती, हे मेंदू पाहिल्याशिवाय ठरत नाही.

नव्या चाचण्या आल्यावर

आता रक्तातून अल्झायमर कळू लागला असताना शवविच्छेदनाची गरज उरली आहे काय, असा प्रश्न रास्त आहे. ॲमिलॉइडला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या पेट स्कॅनला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि मे २०२५ मध्ये तेथेच रक्ताच्या पहिल्या चाचणीलाही परवानगी मिळाली. या चाचण्यांनी जिवंतपणीचे निदान पूर्वीपेक्षा पुष्कळच भक्कम केले, यात शंका नाही. परंतु पेट स्कॅनवर विश्वास कसा बसला, हे पाहिले पाहिजे. आयुष्याच्या अखेरीस आलेल्या काही लोकांनी स्कॅन करून घेण्यास आणि मृत्यूनंतर मेंदू तपासू देण्यास संमती दिली, त्यांच्या स्कॅनची त्यांच्याच मेंदूशी तुलना झाली आणि दोन्ही जुळल्यावरच चाचणीला मान्यता मिळाली. चाचणी नवी असली तरी तिची कसोटी जुनीच राहिली.

शिवाय सर्वच रोगांना चाचणी लाभलेली नाही. ऐंशीच्या पुढच्या वयात टीडीपी-४३ साचून होणारा आणि बाहेरून हुबेहूब अल्झायमरसारखा दिसणारा एक विकार २०१९ मध्ये स्वतंत्र नावाने ओळखला गेला, तो शवविच्छेदनांच्या मोठ्या संग्रहांमुळेच. जिवंतपणी तो ओळखणारी सर्वमान्य चाचणी आजही नाही. डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे खेळाडूंना जडणाऱ्या विकाराचेही पक्के निदान मृत्यूनंतरच होते. ॲमिलॉइड कमी करणारी महागडी औषधे आता उपलब्ध झाली आहेत, आणि ज्या रुग्णाचा विसर मुख्यतः टीडीपी-४३ मुळे किंवा पक्षाघातांमुळे आहे त्याला त्यांचा लाभ बेताचाच होणार. तेव्हा कोणत्या समाजात कोणत्या मिश्रणाचे प्रमाण किती आहे, हा प्रश्न आता उपचारांच्या खर्चाचाही झाला आहे.

महाराष्ट्रातील वारसा आणि उणीव

महाराष्ट्र या विद्येला नवखा नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू आहे आणि त्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी चेताविकृतिशास्त्राचा, म्हणजे मेंदू व मज्जातंतूंच्या विकृतींचा, विभाग नावारूपाला आणला. अमेरिकेत त्यांनी वार्धक्यातील मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या अभ्यासात भाग घेतला होता. मुंबईत मात्र त्यांचे लक्ष प्रामुख्याने मेंदूचा क्षय आणि कुष्ठरोगातील मज्जातंतू यांवर राहिले, आणि ते त्या काळाच्या गरजेला धरूनच होते, कारण त्या वेळी येथला रुग्ण म्हातारपणाच्या रोगापर्यंत पोचण्याआधी संसर्गाने दगावत असे.

त्याच संस्थेत डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी नऊ कुटुंबांतील अशा एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, ज्यात तोल आणि बोलणे बिघडते आणि त्याचबरोबर डोळ्यांची एका जागेवरून दुसरीकडे वळण्याची गती विलक्षण मंदावते. १९७१ मध्ये लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा निबंध जगभर वाखाणला गेला. हाच विकार पुढे पूर्व क्यूबातील ओल्गिन प्रांतात मोठ्या प्रमाणावर आढळला, तेथील मृत रुग्णांच्या मेंदूंची रचना आणि रसायने यांचे वर्णन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये त्याचे जनुक सापडून त्याला एससीए-२ ही आजची ओळख मिळाली. मुंबईच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या डोळ्यांवरून जे हेरले, त्याची साखळी निरीक्षण, मेंदू आणि जनुक अशा तीन दुव्यांनी पुरी झाली. या तीन दुव्यांपैकी पहिल्या दुव्यासाठी लागणारी दृष्टी महाराष्ट्रापाशी तेव्हाही होती आणि आजही आहे. मधला दुवा मात्र येथे अशक्त राहिला.

तो पूर्णपणे तुटलेला आहे, असे नव्हे. मुंबईतील वृद्धांच्या शवविच्छेदनात मिळालेल्या मेंदूंमधील अल्झायमरच्या बदलांचा अभ्यास मुंबई आणि न्यूयॉर्क येथील विकृतिशास्त्रज्ञांनी मिळून केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे आणि डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या पेढीने देशभरातील संशोधकांना ऊतींचे नमुने पुरवले आहेत. परंतु गरजेच्या मानाने हे अपुरे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ही पाहणी काळजीपूर्वक केलेली आहे, तरी ती स्मृतिभ्रंश आहे की नाही एवढे सांगते. त्या ८८ लाखांत अल्झायमरचा वाटा किती, लहान पक्षाघातांचा किती आणि मिश्र विकारांचा किती, याचे उत्तर प्रश्नावलीतून मिळू शकत नाही.

कायदा, संमती आणि संस्कार

सर्वसामान्य माणसाच्या मनात शवविच्छेदन आणि पोलीस यांची जोडी पक्की बसलेली आहे, आणि तिला कारण आहे. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पंचनामा आणि उत्तरीय तपासणी होते. ती कायद्याने होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार, आणि तेथे नातेवाइकांच्या संमतीचा प्रश्न येत नाही. रोगनिदानासाठी केलेले शवविच्छेदन सर्वस्वी वेगळे असते. त्यात पोलीस नसतात, ते नातेवाइकांच्या लेखी संमतीनेच होते आणि संमती केवळ मेंदूपुरती मर्यादित ठेवता येते. हा फरक लोकांना कोणी सांगत नाही, आणि दुःखात बुडालेल्या कुटुंबाकडे असा विषय काढणे डॉक्टरांनाही अवघड वाटते, त्यामुळे जगभरातच रोगनिदानात्मक शवविच्छेदने घटत गेली आहेत.

देहदानाची चळवळ महाराष्ट्रात रुजलेली आहे आणि १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने तिला कायद्याचा आधारही आहे. परंतु देहदान केल्याने मेंदूदान आपोआप होत नाही. देहदानातील शरीर शरीररचनाशास्त्र विभागात जाते, तेथे ते रसायने भरून विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ जपले जाते आणि तेथे रोगाचे निदान हा उद्देशच नसतो. मेंदूतील प्रथिने व जनुके यांचा अभ्यास करावयाचा तर मेंदू शक्य तितक्या लवकर, साधारणपणे २४ तासांच्या आत, काढावा लागतो आणि तोवर शरीर शीतगृहात ठेवावे लागते. त्यासाठी वेगळी संमती, वेगळा विभाग आणि वेगळी घाई लागते. नेत्रदानासाठी रात्री-अपरात्री धावून जाणारी पथके ज्या गावांत आहेत, तेथे ही घाई नवी नाही.

धार्मिक संस्कारांचा अडथळा मानला जातो तेवढा मोठा नाही. मेंदू काढून शरीर काही तासांत कुटुंबाकडे परत येते, चेहरा होता तसाच असतो, आणि त्यानंतर दहन असो वा दफन, प्रत्येक कुटुंबाला आपल्या रीतीने सर्व विधी करता येतात. वैद्यकीय दृष्टीने एकच सावधगिरी आवश्यक असते : क्रॉइत्सफेल्ट-याकोब या झपाट्याने वाढणाऱ्या स्मृतिभ्रंशाची शंका असेल तर त्याचे कारण असलेली प्रायॉन नावाची प्रथिने फॉर्मलिनने नष्ट होत नाहीत, म्हणून तुकड्यांवर फॉर्मिक आम्लाची प्रक्रिया करून विशेष दक्षतेने काम करावे लागते. या रोगाची राष्ट्रीय नोंद निम्हान्समध्ये ठेवली जाते.

मराठवाड्यापुढील काम

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील घाटी, १९५६ पासून आठही जिल्ह्यांतील रुग्णांचा आधार आहे. अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथेही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या प्रत्येक ठिकाणी विकृतिशास्त्राचा विभाग आहे, शवविच्छेदनाची जागा आहे, फॉर्मलिन आणि सूक्ष्मदर्शक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःची मेंदूपेढी उभारण्याची गरज नाही. मेंदू काढणे, फॉर्मलिनमध्ये स्थिर करणे आणि रुग्णाची माहिती नीट नोंदवणे एवढे काम येथे झाले, तर प्रतिपिंडांची खर्चिक तपासणी बंगळुरू किंवा मुंबई येथील प्रस्थापित प्रयोगशाळेत करून घेता येईल, कारण स्थिर झालेला मेंदू सुरक्षितपणे पाठवता येतो. गोठवण्याची सोय पुढच्या टप्प्यात करता येईल. आरंभ तिच्यासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

या कामाचा पाया मात्र रुग्णाच्या हयातीतच घालावा लागतो. मागे आजाराची नोंद नसेल, तर केवळ मेंदूवरून अर्धेच उत्तर मिळते : विसर कधी सुरू झाला, आधी चालणे बिघडले की बोलणे, रक्तदाब किती वर्षांचा, घराण्यात कोणाला असेच झाले होते का, शाळा किती शिकली. ही नोंद करणारे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदू तपासणारे विकृतिशास्त्रज्ञ यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपले निदान आणि मेंदूचे उत्तर समोरासमोर ठेवले, तर विद्यार्थी-डॉक्टरांना त्याहून चांगले शिक्षण दुसरे नाही. कुटुंबालाही अहवालाची एक प्रत मराठीत, समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, कारण फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंश किंवा एससीए-२ यांसारखा विकार निघाला तर मुलाबाळांच्या दृष्टीने त्याला अर्थ असतो, आणि म्हातारचळ म्हणून ज्या वागण्याचा घरात वर्षानुवर्षे राग केला गेला ते मेंदूतील एका रोगाचे लक्षण होते, एवढे कळण्यालाही किंमत असते.

संमतीची वेळ हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. स्मृतिभ्रंश पुढे सरकल्यावर माणूस स्वतःविषयी निर्णय घेण्याच्या स्थितीत राहत नाही, म्हणून निदान झाल्यावर सुरुवातीच्या काळातच, तो समजून-उमजून होकार किंवा नकार देऊ शकतो तेव्हा, हा विषय त्याच्यापुढे ठेवला पाहिजे आणि त्याचा नकार आला तर तो शेवटपर्यंत पाळला पाहिजे. त्याचा होकार आला, तरी मृत्यूनंतर प्रत्यक्ष निर्णय जवळच्या नातेवाइकांच्या हाती असतो. त्यामुळे त्यांनाही त्याच वेळी बरोबर घ्यावे लागते, नाहीतर कागदावरची इच्छा कागदावरच राहते.

आणखी एक गोष्ट रोग नसलेल्यांना उद्देशून सांगणे आवश्यक आहे. रोगग्रस्त मेंदूत जे दिसते ते रोगामुळे आहे की निव्वळ वयामुळे, हे त्याच वयाच्या, त्याच प्रदेशातील, त्याच आहाराच्या आणि तशाच कष्टात आयुष्य काढलेल्या निरोगी माणसाच्या मेंदूशी ताडून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपर्यंत स्मृती शाबूत राहिलेल्या माणसाचा मेंदू तर संशोधनाला सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत उपयोगी, कारण रोगाच्या खुणा असूनही तो कशामुळे टिकला, हा प्रश्न त्याच्यापाशीच विचारता येतो. म्हणून मेंदूदानाचे आवाहन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपुरते मर्यादित नाही. व्याख्यान ऐकणाऱ्या, वाचणाऱ्या आणि उद्याही ते आठवू शकणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला ते आहे, आणि त्याची सुरुवात आजच घरच्यांशी बोलून करता येण्यासारखी आहे.